न बांधलेल्या मठाचे कागद
वास्तुकलेच्या इतिहासाला वाहिलेल्या एका विद्यापीठीय अभिलेखागाराची ओळख आणि त्याचा उपयोग

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका धर्मग्रामात चर्चच्या छपराची गळती थांबविण्याचे काम निघाले. पाहणीस आलेल्या इंजिनिअरने पहिलाच प्रश्न केला, "मूळ नकाशे कोठे आहेत?" धर्मगुरूंच्या कचेरीतील कपाट उघडण्यात आले. देणग्यांची पावतीपुस्तके निघाली, पायाभरणीचे छायाचित्र निघाले, उद्घाटनाची छापील पत्रिकाही निघाली. नकाशा मात्र एकही निघाला नाही. शेवटी बीम कोठून जातो हे शोधण्यासाठी भिंत तीन ठिकाणी फोडावी लागली. चर्च बांधणाऱ्या पिढीने घाम गाळला, दागिने विकले, समुद्रावरून आणि शेतावरून येऊन श्रमदान केले. परंतु आपण काय बांधले, ते तसेच का बांधले आणि काय बांधायचे टाळले, याचा कागद कोणी राखून ठेवला नाही.

असे कागद राखून ठेवणे हेच ज्यांचे काम आहे, अशा संस्था जगात आहेत. आमच्या धर्मग्रामांतील अनेक तरुण-तरुणी आज वास्तुकलेचे शिक्षण घेत आहेत. काही उच्च शिक्षणासाठी परदेशीही गेले आहेत. त्यांच्याकडून आणि चर्चच्या इतिहासाची आवड असलेल्या वडीलधाऱ्यांकडून आम्हांला वारंवार विचारणा होते की, अशा अभिलेखागारात जाऊन नेमके करायचे काय. सर्वसाधारण सूचनांची जंत्री देण्यापेक्षा एकाच अभिलेखागाराची तपशीलवार ओळख करून द्यावी, असे आम्ही ठरविले. ते म्हणजे अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे वास्तुकला अभिलेखागार. हीच निवड करण्यास आमच्यापुरते एक खास कारण आहे. कधीच न बांधल्या गेलेल्या एका डॉमिनिकन मठाचे संपूर्ण आयुष्य तेथील पेट्यांमध्ये जपून ठेवलेले आहे.

ग्रंथालय आणि अभिलेखागार

प्रथम एक गैरसमज दूर करू. अभिलेखागार म्हणजे जुन्या पुस्तकांचे ग्रंथालय नव्हे. ग्रंथालयातील पुस्तक हरवले तर त्याची दुसरी प्रत कोठेतरी असते. अभिलेखागारातील कागद जगात एकच असतो. म्हणून तेथे कपाटापाशी जाऊन हवे ते उचलण्याची मुभा नसते. आपण मागावयाचे, कर्मचाऱ्यांनी आणून द्यावयाचे आणि त्यांच्या देखरेखीखाली पाहावयाचे, असा रिवाज असतो.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. ग्रंथालयात पुस्तके विषयवार लावलेली असतात. अभिलेखागारात कागद ज्याच्या कचेरीतून आले, त्या कचेरीने ते ज्या क्रमाने ठेवले होते, शक्य तितका तोच क्रम पाळला जातो. त्यामुळे "मठांची वास्तुकला" असा कप्पा तेथे शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही. तेथे प्रश्न उलटा विचारावा लागतो: हे काम कोणत्या वास्तुतज्ज्ञाने केले, कोणत्या साली केले आणि त्याच्या कचेरीत ते कोणत्या नावाने नोंदले गेले? आमच्या मते नवख्या अभ्यासकाचा सर्वाधिक वेळ वाया जातो तो हे ध्यानात न घेतल्यामुळे.

लाल दगडाची वास्तू आणि तिच्यातील संग्रह

हे अभिलेखागार ज्या इमारतीत आहे तीच मुळी पाहण्यासारखी आहे. फ्रँक फर्नेस या फिलाडेल्फियाच्या वास्तुतज्ज्ञाने विद्यापीठाचे ग्रंथालय म्हणून ती बांधली आणि १८९१ मध्ये ती खुली झाली. लाल वालुकाश्म, वीट आणि टेराकोटा यांनी घडलेली ही भक्कम, काहीशी किल्ल्यासारखी वास्तू पुढील पिढ्यांना कुरूप वाटू लागली होती. ती पाडावी असेही बोलले जात होते. पुढे तिचे मोल ओळखले गेले, १९८५ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला आणि रॉबर्ट व्हेंचुरी व डेनिस स्कॉट ब्राउन यांच्या कचेरीने तिचा जीर्णोद्धार केला. आज व्हेंचुरी आणि स्कॉट ब्राउन यांचे कागदही याच वास्तूत सुखरूप आहेत. ज्यांनी घर सावरले त्यांनाच त्या घरात जागा मिळावी, हा योग आम्हांला मोठा सुंदर वाटतो.

या अभिलेखागाराचा गाभा आहे लुई कान यांचा संग्रह. १९०१ मध्ये तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील एस्टोनियात एका गरीब ज्यू कुटुंबात जन्मलेले कान लहानपणीच आईवडिलांबरोबर फिलाडेल्फियास आले, याच विद्यापीठात शिकले आणि पुढे येथेच त्यांनी अध्यापन केले. कॅलिफोर्नियातील सॉल्क संशोधन संस्था, टेक्सासमधील किंबेल कलासंग्रहालय, ढाक्याचे संसदभवन आणि आपल्या अहमदाबादची भारतीय प्रबंध संस्था, म्हणजे आयआयएम, ही त्यांची ख्यातनाम कामे होत. १७ मार्च १९७४ रोजी अहमदाबादहून परतत असताना न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया रेल्वेस्थानकात हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. काही काळ त्यांच्या देहाची ओळखही पटली नाही. मागे राहिली ती कर्जात बुडालेली कचेरी आणि हजारो आराखडे.

आता हे आराखडे विकले जाऊन जगभर विखुरतील अशी भीती निर्माण झाली. त्यांची मित्रमंडळी आणि कुटुंबीय धावून आले, पेनसिल्व्हेनिया राज्याने संपूर्ण संग्रह विकत घेतला आणि तो विद्यापीठाकडे कायमस्वरूपी ठेव म्हणून सोपविला. १९७८ मध्ये अभिलेखागाराची रीतसर स्थापना झाली ती याच संग्रहाभोवती. कान यांच्या स्वतःच्या हातची सहा हजारांहून अधिक रेखाटने त्यात आहेत. याशिवाय कचेरीचे आराखडे, लाकडाच्या व पुठ्ठ्याच्या प्रतिकृती, छायाचित्रे आणि पेट्याच्या पेट्या भरून पत्रव्यवहार आहे. संग्रहाची मालकी राज्याच्या इतिहास आणि संग्रहालय आयोगाकडे आहे, म्हणून तेथील कोणतेही चित्र छापताना विद्यापीठ आणि आयोग या दोघांचाही उल्लेख करावा लागतो. विद्यार्थ्यांनी हे आधीच लक्षात ठेवलेले बरे.

धर्मभगिनींचे घर

आता त्या मठाकडे वळू.

संत कॅथरिन दी रिची (१५२२–१५९०) या इटलीतील प्रातो येथील डॉमिनिकन संन्यासिनी होत्या. त्यांचे नाव धारण करणारा धर्मभगिनींचा एक संघ १८८० मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्थापन झाला. स्त्रियांसाठी रिट्रीट आयोजित करणे हे त्यांचे विशेष सेवाकार्य होते. १९६० च्या दशकाच्या मध्यास या संघाला फिलाडेल्फियाजवळच्या मीडिया या गावी, झाडीने वेढलेल्या उतारावर, आपले मदरहाऊस बांधावयाचे होते. त्यांनी लुई कान यांना पाचारण केले. १९६५ ते १९६९ अशी सुमारे चार वर्षे हे काम चालले. एक वीटही रचली गेली नाही.

काळ कोणता होता, हे ध्यानात घ्यावे. दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषद १९६५ च्या डिसेंबरात संपली. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला व्रतस्थ जीवनाच्या नूतनीकरणाविषयीचा हुकूमनामा प्रसिद्ध झाला होता. संस्थापकांच्या मूळ प्रेरणेकडे परत जा आणि त्याचबरोबर काळानुरूप बदला, असे तो प्रत्येक संघाला सांगत होता. म्हणजे ज्या क्षणी धर्मभगिनी "आमच्यासाठी घर बांधा" असे म्हणत होत्या, त्याच क्षणी "आम्ही कशा राहणार" हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्याने उभा होता. यज्ञवेदी कोठे असावी, बाहेरच्या माणसाने कोठपर्यंत यावे, नॉव्हिस आणि व्रतबद्ध भगिनी यांच्या निवासात किती अंतर असावे, एकान्त किती आणि सहवास किती, या साऱ्या गोष्टी एकेकाळी नियमांनी ठरलेल्या होत्या. आता त्या ठरवावयाच्या होत्या, आणि वास्तुतज्ज्ञापुढे कागदावर रेघ मारल्याखेरीज त्या ठरत नाहीत.

कान हे ख्रिस्ती नव्हते. परंतु आराखडा म्हणजे खोल्यांचा समाज असतो, अशी त्यांची धारणा होती, आणि मठाइतका हा विचार कोठे लागू पडणार? त्यांनी भगिनींच्या निवासखोल्या तीन बाजूंनी ओळीने मांडल्या. पोस्ट्युलंट, नॉव्हिस आणि व्रतबद्ध भगिनी यांचे निवास वेगवेगळे ठेवले. मधल्या जागेत चॅपल, भोजनगृह, अध्ययनाची जागा आणि प्रवेशाचा मनोरा अशा सामायिक वास्तू ठेवल्या. येथे त्यांनी एक अजब गोष्ट केली. या वास्तू त्यांनी सरळ रांगेत बसविल्या नाहीत. एकमेकींशी तिरक्या कोनांत, कोपऱ्याला कोपरा भिडवून, त्या जणू अंगणात जमलेल्या माणसांसारख्या उभ्या केल्या. चौकाभोवती फिरणारी जुन्या मठांतील छायादार ओवरी येथे जवळजवळ नाहीशी झाली. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याची वाट कोपऱ्यातून जाऊ लागली.

हे कसे घडले, ते अभिलेखागारात प्रत्यक्ष दिसते. कचेरीत एकेका खोलीचा आराखडा कात्रीने कापून वेगळा करण्यात आला, ते तुकडे कागदावर हलवून हलवून पाहण्यात आले आणि जुळले तसे चिकटविण्यात आले. एखादी गृहिणी नव्या घरात सामान सरकवून पाहते, तसेच हे होते. तयार वास्तूच्या छायाचित्रात ही कात्री कधीच दिसली नसती. येथे तर वास्तूच नाही. जे काही आहे ते या कागदांवरच आहे.

पत्रव्यवहाराच्या पेटीतून दुसरी बाजू कळते. आराखडा सुंदर होता, पण खर्चाचा अंदाज भगिनींच्या ऐपतीबाहेर जात होता. म्हणून आराखडा लहान करण्यात आला. पुन्हा अंदाज झाला, पुन्हा लहान करण्यात आला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मठांमध्ये येणाऱ्या पाचारणांची संख्याही घटू लागली होती. १९६९ मध्ये काम थांबले. रेखाटने एकटी पाहिली तर वाटते की कलावंत आपल्या मर्जीने आकार बदलत होता. पत्रे शेजारी ठेवली की उमगते, त्या बदलांमागे पुष्कळदा हिशेबाची वही उघडून बसलेली वरिष्ठ भगिनी होती. आमच्या मते वास्तुकलेच्या अभिलेखागाराचा खरा उपयोग येथेच आहे. वास्तुतज्ज्ञाची प्रतिभा पाहण्यासाठी छापील पुस्तके पुरेशी होती. बांधून घेणाऱ्यांचा आवाज ऐकण्यासाठी पेटी उघडावी लागते.

मायकेल मेरिल या वास्तुतज्ज्ञाने २०१० मध्ये याच मठाच्या कागदांवर दोन ग्रंथ प्रसिद्ध केले. न बांधलेल्या एका कामावर दोन ग्रंथ! त्यांपैकी 'ड्रॉइंग टू फाइंड आउट' या ग्रंथात रेखाटने कालक्रमाने लावून दाखविली आहेत. अभिलेखागाराचा उपयोग कसा करावा, याचा हा वस्तुपाठच होय. फिलाडेल्फियास जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी तो तरी जरूर मिळवून पाहावा. कान यांचे आणखी एक मठाचे काम, कॅलिफोर्नियातील वॅलिएर्मो येथील बेनेडिक्टाईन मठाचे, त्याच दशकात आराखड्यावरच राहिले. चीनमधून हद्दपार झालेल्या संन्याशांनी वसविलेला तो मठ आजही आहे. कान यांच्या आराखड्याप्रमाणे मात्र तो उभा राहिला नाही.

जाण्यापूर्वी

अभिलेखागार भेटीची वेळ आधी ठरवून बाहेरच्या अभ्यासकांनाही खुले असते. परंतु तेथे जाण्यापूर्वीची तयारी ही अर्ध्याहून अधिक कामगिरी आहे. जे छापून झाले आहे ते घरीच वाचून घ्यावे. कान यांची व्यक्तिगत रेखाटने १९८७ मध्ये सात मोठ्या खंडांत प्रसिद्ध झालेली आहेत. मोठ्या वास्तुकला महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत त्यांची चौकशी करता येईल. फिलाडेल्फियातील वास्तू आणि वास्तुतज्ज्ञ यांची एक विस्तृत माहितीसूची तेथील अथेनियम या संस्थेने इंटरनेटवर उपलब्ध करून दिली आहे, तिचाही लाभ घ्यावा.

त्यानंतर संग्रहसूची पाहावी. तीत प्रत्येक संग्रहाला क्रमांक असतो. कान यांच्या संग्रहाचा क्रमांक ०३० आहे. त्यापुढे विभाग, उपविभाग, पेटी आणि फोल्डर यांचे क्रमांक येतात. घराच्या पत्त्याप्रमाणे ही साखळी वाचावयाची: राज्य, जिल्हा, गाव, घर. ती जशीच्या तशी वहीत उतरून घ्यावी. आपल्या प्रबंधात "कान यांच्या एका पत्रात म्हटले आहे" असे मोघम लिहून चालत नाही; पेटी आणि फोल्डर सांगितला तरच दुसरा अभ्यासक ते पत्र पडताळून पाहू शकतो.

मग अभिलेखपालांना पत्र किंवा ई-मेल पाठवावा. त्यात आपण कोण, कोणत्या कामासाठी येत आहोत, कोणत्या प्रकल्पाचे कोणते कागद पाहावयाचे आहेत आणि किती दिवस हाताशी आहेत, एवढे नेमके लिहावे. "मला लुई कान यांच्याविषयी सर्व माहिती हवी आहे" अशा पत्राला नेमके उत्तर मिळणे अवघड. "१९६५ ते १९६९ मधील डॉमिनिकन मदरहाऊसची चॅपलविषयक रेखाटने आणि त्या काळातील ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार पाहावयाचा आहे" असे लिहिल्यास अभिलेखपाल स्वतः आणखी दोन फोल्डर सुचवतील, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. प्रतिकृती आणि मोठ्या आकाराचे आराखडे बाहेर काढण्यास वेळ लागतो. ते हवे असल्यास तसे आधीच कळवावे.

वाचनकक्षात

नियम साधे आहेत आणि जगभर थोड्याफार फरकाने सारखेच आहेत. शाईचे पेन चालत नाही, पेन्सिल वापरावी. पिशवी, पाण्याची बाटली, खाद्यपदार्थ बाहेर ठेवावेत. एका वेळी एकच फोल्डर उघडावा आणि त्यातील कागदांचा क्रम बिघडू देऊ नये. दोन पत्रे शेजारी शेजारी आहेत, हाच कधी कधी पुरावा असतो. कागदावर हात टेकू नये, त्यावर वही ठेवून लिहू नये. छायाचित्र घ्यावयाचे असल्यास विचारून आणि फ्लॅश न वापरता घ्यावे. अभ्यासासाठी घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध करावयाचे तर त्याची परवानगी वेगळी लागते.

समोर येणारे कागद कोणत्या जातीचे आहेत, हे ओळखता आले पाहिजे. कान कोळशाच्या कांडीने पिवळ्या पातळ ट्रेसिंग पेपरवर काढीत. कोळसा बोटाला लागतो आणि पुसला जातो, म्हणून अशा रेखाटनांना अजिबात स्पर्श करू नये. पिवळ्या कागदाचे एक रहस्य आहे. जुन्या रेखाटनावर नवा कागद पसरावयाचा, आवडले ते गिरवावयाचे, उरलेले बदलावयाचे. अशा रीतीने रेखाटनांची वंशावळच तयार होते, आणि कोणते कोणावरून उतरले हे ताडून पाहता येते. पुष्कळ रेखाटनांवर तारीख नसते. तेथे ही वंशावळ आणि तारीख असलेली पत्रे यांच्या आधारेच क्रम लावावा लागतो. मात्र मूळ कागद स्वतः एकमेकांवर ठेवण्याचा मोह टाळावा. आपल्या छायाप्रतींवर ते काम करावे.

ग्राहकाला दाखविण्यासाठी केलेले नीटनेटके आराखडे वेगळे असतात. प्रत्यक्ष बांधकामासाठीचे, म्हणजे ज्यांना आर्किटेक्ट मंडळी वर्किंग ड्रॉइंग म्हणतात ते, आणखी वेगळे. त्यांवर मापे, साहित्य आणि जोडणीचे तपशील असतात. निळ्या ब्लूप्रिंट आणि अमोनिया प्रिंट उजेडात फिक्या पडत जातात, म्हणून पाहून झाल्या की लगेच झाकाव्यात. नवखे विद्यार्थी सुंदर रेखाटनांपाशीच रेंगाळतात. आम्ही त्यांना सुचवू की, इंजिनिअरचे पत्र, ठेकेदाराचे अंदाजपत्रक, बैठकीचे टिपण आणि बिलांची यादी ही नीरस वाटणारी पाने आधी पाहावीत. निर्णय केव्हा व का फिरला, ते बहुधा तेथे नोंदलेले असते.

अभिलेखागार सर्वच सांगते असे नाही, हेही ओळखून असावे. हे वास्तुतज्ज्ञाच्या कचेरीचे कागद आहेत. धर्मभगिनींनी कचेरीला लिहिलेली पत्रे तेथे मिळतील. परंतु भगिनींनी आपापसांत, संघाच्या सभेत काय चर्चा केली, कोणी विरोध केला, कोणाला अश्रू आवरले नाहीत, ते तेथे असणार नाही. ते शोधावयाचे तर संघाच्या स्वतःच्या दप्तराकडे जावे लागते. हा संघ २०१२ मध्ये 'डॉमिनिकन सिस्टर्स ऑफ पीस' या मोठ्या संघात विलीन झाला. एखादा संघ विलीन होतो किंवा मठ बंद होतो, तेव्हा कागदपत्रांचे काय करावयाचे हा प्रश्न सामानाच्या यादीत बहुधा सर्वांत शेवटी येतो. टेलिफोनवर जे बोलले गेले, त्याचा तर माग कोठेच उरत नाही.

अहमदाबाद आणि आपण

कान यांच्या कागदांशी आपल्या मराठी मुलखाचे एक नाते आहे. मुंबईत जन्मलेले वास्तुतज्ज्ञ अनंत राजे (१९२९–२००९) यांनी १९६० च्या दशकात फिलाडेल्फियास कान यांच्या कचेरीत काम केले आणि परतल्यावर अहमदाबादच्या आयआयएमचे बांधकाम पुढे नेले. १९६२ मध्ये हाती घेतलेल्या या प्रकल्पाचे आराखडे दोन खंडांत वाटले गेले आहेत: कल्पना आणि रेखाटने फिलाडेल्फियात, तर प्रत्यक्ष बांधकामाचे बरेचसे काम अहमदाबादेत. म्हणून या वास्तूचा अभ्यास करणाऱ्याला दोन्हीकडे दार ठोठावावे लागते. अहमदाबादच्याच सेप्ट विद्यापीठात आता वास्तुकलेच्या कागदपत्रांचे अभिलेखागार आहे, ही आपल्या विद्यार्थ्यांसाठी समाधानाची बाब होय.

या कागदांचे मोल काय, हे डिसेंबर २०२० मध्ये प्रत्ययास आले. संस्थेने कान यांच्या अठरा वसतिगृहांपैकी चौदा पाडून नवी बांधण्याचा मनोदय जाहीर केला. जगभरातून निषेध झाला आणि १ जानेवारी २०२१ रोजी तो मागे घेण्यात आला; नोव्हेंबर २०२२ मध्ये मात्र काही इमारती नव्याने बांधण्याचा विचार संस्थेने पुन्हा मांडला. विटा झिजतात, भूकंपाने तडे जातात, पाणी मुरते, या अडचणी खऱ्याच आहेत आणि त्या आम्ही नाकारीत नाही. परंतु दुरुस्ती करावी की पाडावे, हा वाद मूळ आराखडे हाताशी असतील तरच जाणतेपणाने घालता येतो.

आपल्याकडील चर्चचे काय? दादरचे पोर्तुगीज चर्च म्हणून सर्वांना परिचित असलेले आवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन चर्च १९७० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी नव्याने उभारले. कोरिया यांनी आपल्या आराखड्यांचा फार मोठा संग्रह हयातीतच लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स या संस्थेस दिला. नामवंतांचे कागद असे सुरक्षित स्थळी पोहोचतात. गावोगावची चर्च ज्यांनी उभारली, त्या स्थानिक इंजिनिअरांचे आणि मेस्त्रींचे कागद बहुधा त्यांच्या घरच्या माळ्यावर असतात, आणि घर नव्याने बांधताना रद्दीत जातात.

ख्रिस्तसभेच्या कायद्याने याची तरतूद फार पूर्वीच करून ठेवली आहे. कॅनन ५३५ अन्वये प्रत्येक धर्मग्रामात दप्तर असले पाहिजे. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्यांबरोबरच बिशपांची पत्रे आणि जपून ठेवण्याजोगे इतर कागद त्यात ठेवावयाचे असतात. २ फेब्रुवारी १९९७ रोजी ख्रिस्तसभेच्या सांस्कृतिक वारशाविषयीच्या व्हॅटिकनमधील आयोगाने धर्मप्रांतांना पाठविलेल्या परिपत्रकात या दप्तरांचे पालकीय महत्त्व विशद केले आहे. आमच्याकडे नोंदवह्या काटेकोरपणे राखल्या जातात, याविषयी शंका नाही. विवाहाचा दाखला काढावयास गेलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. "इतर कागद" या दोन शब्दांत मात्र चर्चचा नकाशा येतो, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

ज्या धर्मग्रामाचा आम्ही प्रारंभी उल्लेख केला, तेथील नकाशा पुढे सापडला. मूळ इंजिनिअर हयात नव्हते. त्यांच्या कन्येने माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा तळाशी एक अमोनिया प्रिंट गुंडाळून ठेवलेली होती. कडा उंदरांनी खाल्लेल्या होत्या, अर्धी अक्षरे पुसट झाली होती. बीमची जागा स्पष्ट दिसत होती. फोडलेल्या तीन भिंतींपैकी एकीतूनही तो जात नव्हता. समासात पेन्सिलीने लिहिले होते की, घंटाघराचा मनोरा निधीअभावी दोन मजल्यांऐवजी एकच मजला ठेवावा. त्याखाली त्या वेळच्या धर्मगुरूंची आद्याक्षरे होती. मनोरा असा आखूड का, या प्रश्नावर गावात अनेक आख्यायिका होत्या. ही नोंद त्यांपैकी एकीशीही जुळली नाही.